वाकडं अंगण आणि दाजींचे हात

आमच्या दाजींना शिंक आली की ते दुकानाबाहेर जातात. खोटं वाटत असेल तर येऊन बघा. डोळ्याला भिंग, चिमट्यात मुंगीच्या डोक्याएवढा स्क्रू, समोर कुणाचं तरी घड्याळ पोट उघडून पडलेलं. अशात नाकात हुळहुळलं की दाजी चिमटा खाली ठेवतात, भिंग काढतात, घड्याळावर काचेचं झाकण पालथं घालतात, स्टूल मागे सरकवतात, दोन पायऱ्या उतरून रस्त्यावर येतात आणि मग शिंकतात. तेवढा वेळ शिंकही थांबते बिचारी. कोणाच्या नाकात आलेय हे तिलाही ठाऊक असतं.

मी त्यांचा मेहुणा, म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. ते घड्याळजी, मी गॅरेजवाला. माझ्या धंद्यात एखादी गोष्ट निघत नसेल तर तिला आधी तेल द्यायचं, मग शिवी, आणि मग हातोडा. ताईचं नवीन लग्न झालं होतं तेव्हा दाजी पहिल्यांदा माझं काम बघायला आले. मी एका गंजलेल्या चाकावर घण घालत होतो. पाच मिनिटं बघत उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "लागत नाही ना?" मला वाटलं माझ्या हाताची काळजी करतायत. मी म्हटलं, "छे हो, सवय आहे." तर म्हणाले, "तुम्हाला नाही. चाकाला." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी हातोडे झालो. जणू आमच्या घराण्याचं आडनावच ते. या हातोडे, बसा हातोडे, चहा घेणार का हातोडे.

आणखी एक खोड आहे त्यांना. माझं एखादं काम बिघडलं आणि मी म्हटलं की "पार्टच खराब आला हो," की दाजी भिंगातून वर न बघता फक्त एवढंच म्हणणार, "नाचता येईना..." पुढचं अंगण मी माझ्या तोंडाने वाकडं करायचं. चौतीस वर्षं झाली, ती म्हण त्यांनी एकदाही पूर्ण केलेली नाही.

तर अशा माणसाबद्दल ताई एका सोमवारी सकाळी मला सांगायला आली. ताई गॅरेजवर येत नाही. तिला ग्रीसचा वास चालत नाही, आणि मला तिचं "काय हा पसारा" चालत नाही. पण त्या दिवशी पसाऱ्याबद्दल एक अक्षर न बोलता ती जुन्या टायरांच्या चळतीवर बसली, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"तुझे दाजी दुकान बंद करतायत," ती म्हणाली.

"का? बरं नाही का आज?"

"आजचं नाही रे. कायमचं."

मी हातातला पाना खाली ठेवला. ताई पदराने कपाळ पुसत सांगत होती. दीड महिना झाला, दाजींनी चावीची घड्याळं घेणं सोडून दिलंय. आलेल्या माणसाला सेल बदलून देतात, पट्टा लावून देतात, बाकी काही असलं तर "आता होत नाही" म्हणून परत पाठवतात. गावातल्या डॉक्टरीणबाई स्वतःच्या वडिलांचं जुनं घड्याळ घेऊन आल्या होत्या, तेही हात न लावता परत केलं. आणि आता कुठल्याशा दुसऱ्या गावच्या घड्याळजींना फोन करून बोलावलंय. येत्या रविवारी अकरा वाजता ते येणार आणि भिंगं, चिमटे, तो बोटाएवढा लेथ, सगळं घेऊन जाणार.

"पण का?"

"हात थरथरतात म्हणे."

"तू बघितलेस थरथरताना?"

"मला कुठे दिसतंय! कप नीट धरतात, सुईत दोरा ओवून देतात मला. पण म्हणतात, तुला नाही कळायचं, केसाएवढं आहे. डॉक्टरीणबाईंनाही दाखवले. त्यांनी हात पुढे करायला लावले, म्हणाल्या, छान आहेत, या वयात थोडंफार चालायचंच. झालं! एवढं सगळं छान आहे म्हणाल्या ते ऐकलंच नाही, थोडंफार तेवढं ऐकलं."

मी दाजींची चेष्टा करतो, आयुष्यभर करत आलोय, पण त्या वेळी मला हसू आलं नाही. दुकान आठ फूट बाय पाच फूट, एका बाजूला औषधवाला, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला. पण तिथल्या त्या स्टुलावर बसलेला माणूस म्हणजे दाजी. स्टूल काढून घेतलं तर उरलेल्या माणसाचं ताईने करायचं काय? पेपर वाचून झाल्यावर तो दिवसभर घरातली भांडी आकाराप्रमाणे लावत बसेल. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "मी बघतो." काय बघणार होतो ते मला स्वतःला ठाऊक नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. घर टेकडीवर आहे, दुकान खाली बाजारात. मध्ये सव्वादोन किलोमीटरचा उतार, सात वळणं. म्हटलं, माझी मोटरसायकल बंद पडलीय, मला खाली सोडा. गॅरेजवाल्याची मोटरसायकल बंद पडली हे ऐकून दाजी एरवी दोन दिवस हसले असते. त्या दिवशी नुसती मान हलवली.

दाजींची गाडी छोटी, अकरा वर्षांची, पण आतून एवढी स्वच्छ की पायातल्या चपला काढून बसावं वाटतं. वेग ताशी पस्तीस. सायकलवाले त्यांना हात दाखवून पुढे जातात. आणि उतार सुरू झाला की पाय ब्रेकवर जो ठेवला तो खाली बाजार येईपर्यंत काढायचा नाही. मी कितीदा सांगितलंय, दाजी, गिअर कमी करा, इंजिन धरून ठेवतं गाडीला. तर म्हणतात, "इंजिनाला कशाला त्रास?"

दुसऱ्या वळणावर त्यांनी ब्रेक जरा जोरात दाबला आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं. दाजींनी ओठ घट्ट मिटले. वळण झाल्यावर त्यांनी डावा हात काढून मांडीखाली लपवला, चोरी पकडली गेल्यासारखा.

"बघितलंस?" ते म्हणाले. एरवी मला अहो-जाहो करतात. अरे-तुरे आलं म्हणजे मन ठिकाणावर नाही.

"काय बघितलं?"

"हात. सुरुवात इथेच झाली. आधी इथे, उतारावर. मग दुकानात नीट निरखून बघितलं, तर तिथेही."

मला आधी कळेचना की हा माणूस काय बोलतोय. आणि कळलं तेव्हा मी एवढ्या मोठ्याने हसलो की त्यांनी गाडी कडेला घेतली.

"अहो दाजी, ब्रेक मारला की माझं बूडही थरथरतंय! त्याला काय म्हातारपण आलं? डिस्क आऊट झालीय तुमची! चाकामागची ब्रेकची तबकडी, ती वाकडी झाली की ब्रेक लावताना पॅड तिच्यावर उड्या मारतात आणि स्टेअरिंग हलतं. यात तुमच्या हातांचा काय संबंध?"

दाजी माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत इतकी माया होती की मला लाज वाटली. "तुझ्या ताईने पाठवलंय ना तुला?" ते म्हणाले. "माणसाला धीर द्यावा, पण इतकं खोटं बोलू नये."

आता बोला! जगातला प्रत्येक माणूस नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणतो. आणि आमच्या दाजींचं अंगण चांगलं वाकडं झालेलं, तर हे म्हणतात मलाच नाचता येत नाही. चौतीस वर्षं दुसऱ्याला जी म्हण मारली ती स्वतःला उलटी लावून बसले होते. बरं, दुकानात निरखून बघितलं म्हणे. अहो, डोळ्याला दहापट भिंग लावून दिवसभर स्वतःच्या बोटाकडे बघत बसलं तर पुतळ्याचाही हात हललेला दिसेल.

खाली दुकानाशी गाडी थांबली आणि दाजींनी डिकीतून पाण्याचा कॅन आणि मग काढला. मी काही विचारायच्या आत पुढच्या चाकावर मगभर पाणी ओतलं. चर्रर्र! वाफ निघाली.

"दाजी! हे काय करताय?"

"धूळ धुतोय. ब्रेकची काळी धूळ बसते चाकावर. दुकानाच्या दारात बरं दिसत नाही ते."

"रोज?"

"रोज म्हणजे, रविवार सोडून."

मी कपाळावर हात मारला. सव्वादोन किलोमीटर ब्रेक दाबून डिस्क तव्यासारखी तापवायची आणि मग तिच्यावर थंड पाणी ओतायचं. तवा वाकडा होईल नाहीतर काय होईल? हा पराक्रम करायला घड्याळजीच लागतो. दुसरा कोणी इतका स्वच्छ नसतो.

त्याच दुपारी गाडी गॅरेजवर घेतली. डिस्क उतरवल्या. निळे डाग पडले होते, तापून पडतात तसे. मी जाडी मोजायचा मायक्रोमीटर दाजींच्या हातात दिला. म्हटलं, तुम्हीच मोजा, म्हणजे मेहुणा खोटं बोलतो हे तरी डोक्यातून जाईल. त्यांनी आठ ठिकाणी मोजलं. कुठे जाड, कुठे पातळ. आकडे पाटीवर लिहिले, आणि मग रुमालाने पुसून टाकले.

"माझा हात हलला असेल," म्हणाले.

या माणसाने मोजलं की आमच्याकडे वाद संपायचा. एकदा पट्टी चुकीची आहे असं म्हणाले होते आणि पट्टीच चुकीची निघाली होती. तो माणूस आता स्वतःचेच आकडे पुसत होता. मला भडभडून आलं, आणि मला भडभडून आलं की मी ओरडतो, म्हणून मी ओरडलो. "चला, नवीन डिस्क आणू! लावू आणि बघू! स्टेअरिंग गप्प बसलं तर मान्य कराल ना?"

"बदलायची कशाला? घासून सरळ करता येईल की." दुरुस्त होणारी वस्तू बदलणं म्हणजे दाजींना पाप वाटतं. मी त्यांना डिस्कच्या कडेला कोरलेला आकडा दाखवला. याच्यापेक्षा पातळ झाली तर वापरू नका, असा तो आकडा. आमची आधीच त्याच्या उंबरठ्यावर उभी होती. घासली असती तर घरंगळून पलीकडे गेली असती. हे मात्र दाजींना लगेच पटलं. मर्यादा कोरून ठेवलेल्या वस्तूंबद्दल त्यांना आदर आहे.

स्पेअर पार्टवाल्या शेठने काउंटरवर तीन जोड्या मांडल्या. पहिली चकचकीत, तिला भोकं पाडलेली आणि चऱ्या कोरलेल्या. "रेसवाले हीच लावतात," शेठ म्हणाला.

"चाळणी कशाला मला?" दाजी म्हणाले.

मी शेठला सांगितलं, आमच्याकडे रेस आहे, पण ती सायकलवाल्यांशी, आणि तीही आम्ही हरतो. तेव्हा भोकं राहू देत. भोकांपाशी पुढे तडे जातात आणि साध्या गाडीला त्यांचा काही उपयोग नाही, हे शेठलाही ठाऊक होतं, पण विकायला काय जातंय त्याचं!

दुसरी जोडी स्वस्त, कुठल्या कंपनीची ते खोक्यावरही लिहिलेलं नाही. दाजींनी ती एका बोटावर टांगली, नखाने टिचकी मारली आणि कान जवळ नेला.

"ऐकताय काय?" शेठ म्हणाला. "टिकटिक नाही करत ती."

"एका बाजूला बद्द वाजते," दाजी म्हणाले. "आतली पोकळी सारखी नसणार." आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हात गेले तरी कान आहेत अजून."

शेठने उजेडात धरून हवा खेळायला ठेवलेल्या आतल्या खाचा बघितल्या. एका बाजूच्या भिंती खरंच जाड होत्या. शेठने तिसरी जोडी आपणहून पुढे सरकवली. साधी, बिनभोकांची, गाडीच्या कंपनीने दिलेल्या मापाची, तेलकट कागदात गुंडाळलेली. दाजींनी टिचकी मारली. डिस्क मंदिरातल्या घंटेसारखी वाजत राहिली. शेठसुद्धा आवाज संपेपर्यंत थांबला. त्याच डिस्क घेतल्या, दोन्ही चाकांच्या, आणि पॅडही नवीन. जुने पॅड नव्या डिस्कला लावले तर जुन्याच्या वाईट सवयी नवीला लागतात, हे मी सांगितलं तर दाजी म्हणाले, "माणसांतही तसंच असतं, हातोडे." निदान हातोडे म्हणाले. मला बरं वाटलं.

बुधवारी मी डिस्क लावायला घेतल्या. दाजी बाजूला उभे राहून नव्या डिस्कवरचं, गंज येऊ नये म्हणून लावलेलं तेल पुसत होते. एका डिस्कला चार फडकी वापरली. मी जुनी डिस्क काढली होती ती जागा, म्हणजे डिस्क ज्या बैठकीवर बसते ती, आम्ही तिला हब म्हणतो, ती दाजी वाकून बघत होते.

"ही बैठक पुसणार ना?" त्यांनी विचारलं.

"अहो दाजी, गॅरेज आहे हे, ऑपरेशन थिएटर नाही. डिस्क बसली, नट आवळले, की झालं."

पूर्वीचे दाजी असते तर त्यांनी माझ्या हातातून फडकं ओढून घेतलं असतं. हे दाजी "तुला जास्त कळतं" म्हणून मागे सरले. आणि मी, शहाणा, पुढे गेलो.

त्या दिवशी स्टेअरिंग गप्प होतं. गुरुवारी सकाळी दाजींनी फोन करून "ठीक आहे" एवढं सांगितलं. मी ताईला फोन करून दहा मिनिटं स्वतःची स्तुती केली. शुक्रवारी थोडी कुरकुर आहे म्हणाले. मी म्हटलं, नवे पॅड आहेत, बसू देत. शनिवारी त्यांनी फोनच केला नाही. मीच संध्याकाळी वर गेलो आणि त्यांची गाडी घेऊन उतारावर निघालो. दुसऱ्या वळणावर ब्रेक दाबला. थरथर! पूर्वीएवढी नाही, पण होती.

परत वर आलो तर दाजी दारातच उभे होते. माझा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं.

"पार्टच खराब आला हो," मी म्हटलं.

आता ते म्हणतील, नाचता येईना. मी वाट बघत उभा राहिलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तू खूप केलंस माझ्यासाठी. उद्या ते यायचेत अकराला. दुकानातून आणलेलं सामान खोक्यात भरायचंय." आणि आत गेले. चौतीस वर्षं त्या टोमण्याला मी वैतागलो होतो. तो नाही आला तर मी ताटावरून उठलो. खरंच सांगतो, त्या संध्याकाळी मी जेवलो नाही.

पण न जेवलेल्या माणसाचं डोकं चालतं. डिस्क चांगली होती, कानाने तपासलेली. पॅड नवे. मग वाकडं काय? आणि मला ते फडकं आठवलं. ही बैठक पुसणार ना? माझं पितळ उघडं पडायची वेळ आली होती, आणि खरं सांगू, ते पडावं अशी मी पहिल्यांदाच प्रार्थना करत होतो.

रविवारी सकाळी आठला मी दाजींना फोन केला. "गाडी घेऊन या. आणि तुमचा तो डायल आणा, काट्याचा."

"कशाला आता?"

"माझा बिघडलाय." खोटं नव्हतं. माझ्या डायलचा काटा सहा वर्षांपूर्वी गेला. हातोड्याखाली आला होता.

दाजी आले, बरोबर ताई. सामानाची खोकी मागच्या सीटवर भरलेली होती, त्यांतूनच त्यांनी डायल काढला. घड्याळासारखीच तबकडी, काटा, आणि खाली एक बारीक टोक. टोक फिरत्या वस्तूला टेकवायचं, वस्तू वाकडी असेल तर काटा हलतो. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. मी डावं चाक काढलं, डिस्क नटांनी आवळली आणि लोहचुंबकाच्या स्टँडवर डायल बसवला.

"आता बघा," मी म्हटलं. "याला हात लावायचाच नाही. ना तुमचा, ना माझा. हलायला कोणाचा हातच नाही इथे."

मी डिस्क हळूहळू फिरवली. काटा निघाला. चार, आठ, अकरा, चौदा रेघांवर जाऊन परत आला. पुन्हा फिरवली, पुन्हा चौदा. त्याच जागी.

दाजी खाली बसले. गॅरेजच्या जमिनीवर, इस्त्रीच्या पँटमध्ये. ताई "अहो, पँट" म्हणाली, ते त्यांनी ऐकलं नाही. खिशातून खडू काढला, चौदाच्या जागी डिस्कवर आणि मागे हबवर खूण केली. "नवी डिस्क इतकी वाकडी असणार नाही," ते स्वतःशीच पुटपुटले. "खाली काहीतरी आहे. काढा ती, हातोडे."

मी काढली. दाजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि हबच्या इतके जवळ गेले की नाकाला काळं लागलं. मग हात मागे केला. ताईने न विचारता खोक्यातून चिमटा काढून त्यांच्या हातात दिला. चौतीस वर्षांचा संसार आहे, उगाच नाही. खडूच्या खुणेशी, हबला चिकटून बसलेला गंजाचा एक पापुद्रा होता. नखाच्या कात्रणाएवढा. दाजींनी चिमट्याचं टोक त्याच्या कडेखाली सरकवलं आणि तो अलगद, न मोडता उचलला.

"हे बघा," ते म्हणाले आणि तो पापुद्रा माझ्या डोळ्यांसमोर उजेडात धरला. "या एवढ्याशा पोळीवर तुमची सगळी डिस्क तिरकी बसली होती. पुसा म्हटलं होतं ना मी?"

"म्हटलं होतं," मी म्हटलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. खिशात, उजव्या मांडीशी. दाजींनी बघितलंही नाही. "घ्या हो कोणीतरी," ते वैतागून म्हणाले, "माझे हात कामात आहेत."

ताईने फोन काढला. दुसऱ्या गावचे घड्याळजी होते. लवकर पोचले होते आणि बंद दुकानासमोर उभे होते. ताईने फोन कानाला लावून धरला, पण बोलेना. माझ्याकडे बघत होती. मी दाजींकडे बघत होतो. आणि दाजी, बोलून गेले होते ते आत्ता स्वतःच्याच कानांनी ऐकल्यासारखे, चिमट्याकडे बघत होते. चिमट्याच्या टोकावर तो पापुद्रा होता. फुंकर मारली तर उडेल इतका हलका. आणि तो हलत नव्हता. केसाएवढाही नाही.

"बघा दाजी," मी म्हटलं. माझा आवाज मात्र चांगलाच थरथरला.

त्यांनी मग हात हळूच डावीकडे नेला, उजवीकडे नेला, परत मध्ये आणला. डोळ्यांत पाणी आलं तसं भिंग धुरकटलं, तेव्हा त्यांनी ते काढलं.

"ते विचारतायत, किती वेळ थांबू," ताई म्हणाली.

"म्हणावं, तसदीबद्दल माफ करा," दाजी म्हणाले. "आणि म्हणावं, पंधरा वर्षांनी एकदा फोन करून बघा."

मग त्यांनी जे केलं ते माझ्या गॅरेजमध्ये कधी झालेलं नाही. दोन्ही हब त्यांनी पातळ दगडाने घासले, दात घासायच्या ब्रशने झाडले, रबरी गोळ्याने हवा मारली, आणि पुन्हा भिंग लावून बघितले. मध्ये एकदा शिंक आली तर उठून रस्त्यावर जाऊन आले. तो मैलभर पसरलेला माझा पसारा, जुने टायर, तेलाचे डाग, आणि त्यात ताटासारखे लखलखीत दोन हब. नट मी एका दमात आवळायला गेलो तर माझा हात धरला. "समोरासमोरचे, थोडे थोडे," म्हणाले. डायल पुन्हा लावला. डिस्क फिरवली. काटा दोन रेघा हलला आणि बसला.

आम्ही तिघं गाडीत बसलो. ताई मागे, खोक्यांमध्ये. टेकडीवर गेलो आणि खाली निघालो. दुसऱ्या वळणावर दाजींनी ब्रेक दाबला. काही नाही. तिसऱ्या वळणावर जरा जोरात. काही नाही. चौथ्या वळणावर त्यांनी स्टेअरिंग फक्त दोन बोटांवर धरलं आणि ब्रेक दाबला. तरीही ते जराही थरथरलं नाही. खाली पोचल्यावर गाडी वळवून पुन्हा वर नेली आणि पुन्हा खाली आणली. तिसऱ्यांदा वळवायला लागले तेव्हा ताई म्हणाली, "आता काय पेट्रोल संपेपर्यंत हेच का? मला उतरवा, भाजी घ्यायचीय."

दाजींनी दुकानासमोर गाडी थांबवली. सवयीने डिकीतला पाण्याचा कॅन काढला, चाकाशी नेला, माझ्याकडे बघितलं आणि मनगटावरच्या घड्याळात वेळ बघून, चाक निवेपर्यंत कॅन पायरीवर ठेवला. मग रविवार असून शटर वर केलं. मी खोकी आत नेऊन देत होतो आणि ते एकेक चिमटा त्याच्या जागी लावत होते. डॉक्टरीणबाईंना त्यांनी फोन केला, म्हणाले, ते वडिलांचं घड्याळ घेऊन या, बघतो. स्टुलावर बसले, भिंग डोळ्याला लावलं, आणि मान वर न करता म्हणाले, "नाचता येईना..."

मला इतका आनंद झाला की विचारू नका. "अंगण वाकडं," मी मोठ्याने म्हटलं, शाळेत म्हणतात तसं.

"वाकडं नव्हतं, हातोडे," दाजी म्हणाले. "झाडलेलं नव्हतं."